झिरोच्या बल्बपासून एल ७० पर्यंत: एलईडी दिवा घेताना खोकं कसं वाचायचं

आमच्या जुन्या घरी माजघरात एक ‘झिरोचा बल्ब’ रात्रभर जळायचा. झिरोचा, म्हणजे वीज लागतच नाही, अशी घरातल्या सगळ्यांची खात्री. प्रत्यक्षात तो तारेचा इवलासा बल्ब १५ वॉटच्या आसपास वीज खायचा. फिरत्या चकतीच्या जुन्या मीटरला एवढी बारीक ओढ धड कळायची नाही, म्हणून तो झिरो. आज १५ वॉटच्या एलईडीत अख्खी खोली उजळते आणि रात्रीचा दिवा अर्ध्या वॉटमध्ये भागतो.

मात्र तेव्हा दुकानात ‘साठचा द्या’ म्हटलं की काम व्हायचं. आता खोक्यावर लुमेन, केल्विन, सीआरआय, पीएफ, आयपी, बीम अँगल अशी सगळी फौज उभी असते. नवीन घराचं वायरिंग चाललं होतं तेव्हा मी ते वाचायचा कंटाळा केला आणि त्याचे पैसे मोजले. ती गोष्ट पुढे येईलच. मग आमच्या वायरमनकाकांच्या मागे लागून एकेक शब्द समजून घेतला. खरेदीला निघाल्यावर हे शब्द ज्या क्रमाने अडतात, त्याच क्रमाने सांगते.

आधी जरा दिव्याच्या पोटात

एलईडी म्हणजे प्रकाश देणारा डायोड: वीज एकाच दिशेने जाऊ देणारा अर्धवाहकाचा बारीक तुकडा. लाल एलईडी १९६२ पासून आहे; रेडिओवर, टीव्हीवर चमकणारा लाल ठिपका तोच. पांढरा उजेड मात्र कितीतरी वर्षं अडून बसला होता, कारण निळा एलईडी काही साधत नव्हता. तो साधून दिल्याबद्दल इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

तुमच्या घरातला पांढरा बल्ब मुळात निळाच आहे. निळ्या चिपवर फॉस्फर नावाचा पिवळसर लेप असतो. निळ्या प्रकाशातला काही भाग तो लेप पिवळा करून टाकतो आणि दोन्ही मिसळून आपल्याला पांढरं दिसतं. बंद एलईडी पट्टीवर जे पिवळे चौकोन दिसतात, ते हेच. हा लेप लक्षात ठेवा, पुढचे बरेचसे शब्द त्याच्या प्रतीवर येऊन ठेपतात.

पायरी १: वॉट सोडा, लुमेन शोधा

वॉट म्हणजे दिवा किती वीज खातो. लुमेन म्हणजे तो एकूण किती उजेड देतो. म्हैस किती पेंड खाते यावरून तिचं दूध कळत नाही, तसंच हे. तारेच्या बल्बात खाणं आणि देणं यांचं प्रमाण जवळजवळ ठरलेलं होतं, म्हणून वॉट विचारून चालायचं. ६० वॉटचा बल्ब ७०० ते ८०० लुमेन द्यायचा. तेवढाच, किंबहुना थोडा जास्त उजेड आज ९ वॉटचा एलईडी देतो. पण बाजारात ९ वॉटचे सगळे एलईडी सारखे नसतात. एकावर ८०० लुमेन लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर ९९०, आणि तिसऱ्यावर काहीच नाही. तिसरा घेऊ नका.

लुमेनला वॉटने भागलं की येते कार्यक्षमता, म्हणजे लुमेन प्रति वॉट. तारेचा बल्ब १२-१३ वर थांबायचा, एलईडी १०० च्या आसपास असतो, चांगल्यात त्याहूनही पुढे. बीईईच्या (ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या) लेबलवरचे तारे याच भागाकारावर ठरतात. साठचा बल्ब काढून नऊचा लावला आणि तो रोज सहा तास चालला, तर एका दिव्यामागे वर्षाला सुमारे ११० युनिट वाचतात. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेतून देशभर ३६ कोटींहून जास्त एलईडी बल्ब वाटले गेले, त्यामागचा हिशोब हाच.

खोक्यावर आणखी एक गोष्ट बघा: बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) खूण, तिच्यासोबत आयएस १६१०२ असा मानकाचा क्रमांक आणि ‘आर’ने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लोहार चाळीत फिरलात, तर तीच वस्तू निम्म्या भावात सांगणारा कोणीतरी भेटतोच. भाव करा, पण हा क्रमांक नसेल तर पुढच्या दुकानाकडे चालू लागा.

पायरी २: खोली मोजा, कारण लुमेन दिव्याचे आणि लक्स जागेचे

दिव्याने दिलेला उजेड तुमच्या ताटावर, वहीवर किंवा ओट्यावर किती पोचला हे लक्सवरून कळतं. एक चौरस मीटरवर एक लुमेन पडला की एक लक्स. बसायच्या खोलीला १५० लक्स पुरतात, झोपायच्या खोलीला १००, अभ्यासाच्या टेबलाला आणि स्वयंपाकाच्या ओट्याला ३०० तरी हवेत.

हिशोब सोपा आहे. १० बाय १२ फुटांची झोपायची खोली म्हणजे १२० चौरस फूट. एका चौरस मीटरमध्ये पावणेअकरा चौरस फूट, म्हणून ही खोली झाली सुमारे ११ चौरस मीटरची. १०० लक्स हवेत म्हणून ११०० लुमेन. पण दिव्याचा सगळा उजेड कामाच्या जागी पोचत नाही. भिंती खातात, कपाटं खातात, दिव्याची काच खाते. साधारण साठ टक्के पोचतो असं धरा आणि ११०० ला ०.६ ने भागा. साडेअठराशे आले. चार फुटी २० वॉटची बॅटन ट्यूब २००० लुमेन देते, म्हणजे एक ट्यूब बास. वायरमन मंडळी हे आकडे न मांडताच ‘या खोलीला एक ट्यूब’ म्हणून सांगतात आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. भिंती गडद रंगवल्या असतील तर मात्र त्यांच्या अंदाजावर विसंबू नका. गडद रंग उजेड गिळतो.

१२ बाय १५ च्या हॉलचं गणित याच रीतीने ४२०० लुमेनच्या आसपास येतं. छतात ७०० लुमेनच्या सहा डाऊनलाइट (छतात बसून खाली उजेड टाकणारे दिवे) बसवल्या की झालं. पीओपीचं छत करणारे ‘छान दिसेल’ म्हणून बारा भोकं पाडायला निघाले, तर हा हिशोब त्यांच्यापुढे धरा.

स्वयंपाकघरात एक फसगत हमखास होते. लुमेन भरपूर असतात, पण दिवा छताच्या मध्यावर आणि आपण ओट्याकडे तोंड करून उभे. मग आपलीच सावली चिरायच्या भाजीवर पडते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो इथे स्वतःच्या अंगाने तयार केलेला असतो. आणखी वॉट चढवून हे सुटत नाही. वरच्या कपाटाच्या तळाला, पुढच्या कडेशी, एक पट्टी लावा. अंतराचा फायदाही मिळतो: छोटा दिवा दुप्पट जवळ आणला की तिथले लक्स सुमारे चौपट होतात. पट्टी लांबट असल्याने तिला हे गणित तंतोतंत लागू पडत नाही, पण फरक डोळ्यांना लगेच दिसतो.

लक्स मोजायला मोबाइलवर फुकट ॲप मिळतात. आकडा अचूक येत नाही, पण ओट्याची दोन टोकं एकमेकांशी ताडून बघायला ती पुरतात.

पायरी ३: पिवळा की पांढरा? केल्विन

दुकानात ‘पांढरी लाइट’ आणि ‘पिवळी लाइट’ असे दोनच शब्द चालतात. खोक्यावर त्याला रंगतापमान म्हणतात आणि ते केल्विनमध्ये असतं. २७०० किंवा ३००० म्हणजे पिवळा, वॉर्म व्हाइट. ४००० म्हणजे मधला, नॅचरल किंवा न्यूट्रल व्हाइट. ६५०० म्हणजे निळसर पांढरा, कूल डेलाइट.

आकडा वाढला की नाव ‘कूल’ होतं, यात नवखे गोंधळतात. लोहाराची भट्टी आठवा. लोखंड तापायला लागलं की आधी लालबुंद, मग नारिंगी, मग पिवळं आणि अगदी तापलं की पांढरं दिसतं. जास्त तापमान म्हणजे जास्त पांढरं, ही मोजदाद तिथून आली. तारेच्या बल्बातली टंगस्टनची तार खरोखरच २७०० केल्विनच्या आसपास तापलेली असायची. तुमचा ६५०० केल्विनचा एलईडी अर्थात एवढा तापत नाही. ‘एवढ्या तापमानाच्या वस्तूसारखा रंग दिसेल’ एवढंच तो आकडा सांगतो. थंड आणि उबदार ही नावं आपल्या मनाला काय वाटतं त्यावरून पडली, भौतिकशास्त्रात उलटं आहे.

आपल्याकडे सरसकट ६५०० लावायची सवय ट्यूबलाइटच्या काळापासूनची. पांढरं म्हणजे जास्त उजेड अशी समजूत आहे. एकाच कंपनीचा ६५०० आणि ३००० शेजारी ठेवलात तर लुमेनमध्ये थोडाच फरक निघतो. माझं मत सांगते: ओटा आणि अभ्यासाचं टेबल ४०००, झोपायची खोली आणि देवघर ३०००, आणि ६५०० फार तर बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या जागी. देवघरात समईच्या शेजारी ६५०० लावलेला मी बघितला आहे. समई आजारी दिसत होती.

आता ती गोष्ट. हॉलसाठी मी आठ डाऊनलाइट घेतल्या, तीन खेपांत, दोन दुकानांतून. सगळ्यांवर ४००० केल्विन. लावल्यावर छताची गोधडी झाली: एक किंचित गुलाबी, दोन हिरवट, बाकीच्या बऱ्या. मला वाटलं माल बनावट. वायरमनकाका खुर्चीवर बसून हसले आणि म्हणाले, “ताई, एका लॉटचा माल घ्यायचा असतो. कापड घेताना थान बदललं की रंग बदलतो ना, तसंच.”

याला बिनिंग म्हणतात. चिप आणि लेप तयार होताना प्रत्येक तुकड्याचा रंग केसभर वेगळा निघतो, म्हणून कारखान्यात त्यांची निवड करून गट पाडतात. गट किती काटेकोर पाडलाय ते सांगणारा आकडा म्हणजे एसडीसीएम, किंवा मॅकॲडम स्टेप. ३ स्टेपच्या आतले दिवे शेजारी लावले तरी डोळ्याला फरक जाणवत नाही म्हटलं तरी चालेल. ५ किंवा ७ स्टेपचे पांढऱ्या भिंतीवर उघडे पडतात. साध्या बल्बच्या खोक्यावर हा आकडा नसतो, डाऊनलाइटच्या माहितीपत्रकात असतो. तो नाहीच मिळाला तर एका छताचे सगळे दिवे एकाच वेळी, एकाच लॉटचे घ्या, आणि वर एक-दोन जास्तीचे. ते माळ्यावर ठेवून द्या. दोन वर्षांनी एक उडाला की त्याच रंगाचा कुठेही मिळणार नाही.

पायरी ४: कुंकू तपकिरी का दिसतं? सीआरआय

हा आकडा लोक सगळ्यात जास्त दुर्लक्षित करतात, आणि माझ्या मते घरासाठी सगळ्यात मोलाचा तोच. सीआरआय म्हणजे या उजेडात वस्तूंचे रंग किती खरे दिसतात. कमाल १००. तारेचा बल्ब जवळपास शंभराचा. बाजारातले साधे एलईडी ८० चे, हलके ७० च्या घरात, चांगले ९० च्या पुढे.

केल्विन आणि सीआरआय या वेगळ्या गोष्टी आहेत. ४००० केल्विनचे दोन दिवे भिंतीवर सारखेच पांढरे दिसतील. त्यांच्याखाली पैठणी धरा: एकाखाली काठ मोरपंखी, दुसऱ्याखाली नुसता निळा. निळी चिप आणि स्वस्त पिवळा लेप यांच्या मिश्रणात लाल प्रकाश मुळातच तोकडा पडतो. उजेडात लाल नसेल तर लाल वस्तू लाल दिसणार कशी? कुंकू तपकिरीकडे झुकतं, टोमॅटो शिळा वाटतो, माणसाचा चेहरा पांढुरका पडतो.

यातही एक पळवाट आहे. सीआरआयचा नेहमीचा आकडा आठ फिकट रंगांची सरासरी आहे. गडद लाल रंगाची चाचणी वेगळी असते, तिला आर ९ म्हणतात, आणि ती या सरासरीत धरलेलीच नाही. म्हणून ८० सीआरआयच्या दिव्याचा आर ९ शून्याच्या जवळपास असू शकतो. आरशाजवळ, ओट्यावर आणि कपड्यांच्या कपाटापाशी सीआरआय ९० आणि आर ९ किमान ५० असा मागा. दुकानदाराने ‘आर ९ काय असतं?’ असं विचारलं तर घरून लाल खण नेऊन दिव्याखाली धरा. खणाला सगळं कळतं.

सराफांच्या दुकानात याच ज्ञानाचा उपयोग उलट बाजूने होतो. सोन्यावर ३००० चा पिवळा, हिऱ्या-चांदीवर ६००० च्या पुढचा. दागिना आवडला की एकदा दारात उन्हात नेऊन बघावा.

पायरी ५: बीम अँगल

बल्ब चहूकडे उजेड फेकतो, स्पॉटलाइट एका शंकूत. त्या शंकूचा कोन म्हणजे बीम अँगल. मध्यावरचा उजेड जिथे निम्मा होतो, तिथवर हा कोन मोजतात. ९ फूट छताखाली जेवणाचं टेबल दिव्यापासून साधारण दोन मीटरवर येतं. तिथे २४ अंशाचा दिवा ८५ सेंटिमीटरचं वर्तुळ पाडेल, ३६ चा सव्वा मीटरच्या थोडं पुढे, ६० चा सव्वादोन मीटरच्या पुढे. देव्हाऱ्यातल्या मूर्तीवर किंवा भिंतीवरच्या तसबिरीवर २४, टेबलावर ३६, एरवी खोलीभर ९० किंवा जास्त.

स्पॉटवर कधी कधी कँडेला लिहिलेलं असतं. एका दिशेला उजेडाचा जोर किती, ते त्यावरून कळतं. लुमेन तेवढेच ठेवून कोन अरुंद केला की कँडेला वाढतात, म्हणून आकड्याने भुलून जाऊ नका.

पायरी ६: ड्रायव्हर, म्हणजे खरा आजारी

‘एलईडी उडाला’ असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा एलईडी ठणठणीत असतो आणि उडालेला असतो ड्रायव्हर. २३० व्होल्टची उलटसुलट वाहणारी वीज एलईडीला झेपणाऱ्या सरळ विजेत बदलणारी ही डबी. बल्बात ती आत दडलेली असते, डाऊनलाइट आणि पॅनेलला (छताच्या चपट्या दिव्याला) वायरने बाहेर लोंबते.

ड्रायव्हर दोन जातींचे. कॉन्स्टंट करंट, म्हणजे प्रवाह ठरलेला, व्होल्ट मागेपुढे. डाऊनलाइट आणि पॅनेलला हा लागतो. कॉन्स्टंट व्होल्टेज, म्हणजे १२ किंवा २४ व्होल्ट पक्के आणि प्रवाह लागेल तसा; पट्ट्यांना हा. दोघांची अदलाबदल कधीही करू नका.

डाऊनलाइट बंद पडली की अख्खी टाकून देऊ नका. ड्रायव्हरवर लिहिलेलं वाचा, समजा ‘आउटपुट ३०० मिलिअँप, २० ते ३६ व्होल्ट’. मिलिअँप अगदी तेवढेच असलेला आणि व्होल्टचा पल्ला जुळणारा ड्रायव्हर आणा. दिव्याच्या किमतीच्या मानाने तो स्वस्त पडतो. जोडताना एमसीबी (वीज तोडणारं मुख्य बटण) खाली पाडा, आधी दिव्याची बाजू जोडा आणि मगच वीज सुरू करा. ड्रायव्हर चालू ठेवून दिवा टोचला तर पहिल्याच झटक्यात चिप जाऊ शकते.

ड्रायव्हरशी जोडलेले आणखी काही शब्द:

पीएफ, म्हणजे पॉवर फॅक्टर: दिव्याचे वॉट भागिले तो तारेतून ओढतो ते व्होल्ट-अँपिअर. ९ वॉटचा दिवा ०.५ पीएफचा असेल तर तो तारेतून १८ व्होल्ट-अँपिअर ओढतो, ०.९ चा असेल तर १०. घरगुती मीटर वॉटच मोजतो, त्यामुळे बिल दोन्हीकडे सारखंच. पण इन्व्हर्टर घेताना त्याची ताकद व्होल्ट-अँपिअरमध्ये असते, तिथे फरक जाणवतो.

व्होल्टेजचा पल्ला. खोक्यावर ‘२२०-२४०’ लिहिलंय की ‘१००-३००’? गावाकडे संध्याकाळी कृषिपंप सुरू झाले की व्होल्टेज बसतं, तिथे १००-३०० चाच घ्या.

सर्ज संरक्षण. वीज पडली किंवा लाइन गेली-आली की जो क्षणिक दणका बसतो, तो किती सोसेल ते किलोव्होल्टमध्ये लिहितात. घरात २.५ चालतं, उघड्यावर ४ किंवा जास्त बघा. वळवाच्या एका संध्याकाळीत आमच्या सोसायटीच्या कुंपणावरचे पाच दिवे गेले होते.

फ्लिकर. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची आहे, म्हणून स्वस्त ड्रायव्हरचा दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. डोळ्याला दिसत नाही, डोकं मात्र दुखू शकतं. मोबाइलचा कॅमेरा दिव्याजवळ धरा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले की समजा. दुसरी परीक्षा पेन्सिलीची: दिव्यापुढे ती भराभर हलवा. सलग धूसर पंखा दिसला तर ठीक, सुट्ट्या सुट्ट्या पेन्सिली दिसल्या तर दिवा परत करा. दुकानात हे करताना लोक बघतात, बघू द्यावं.

डिमेबल, म्हणजे उजेड कमी-जास्त करता येणारा. हा शब्द खोक्यावर नसेल तर दिव्याला डिमर जोडू नका, आणि पंख्याचा रेग्युलेटर तर मुळीच नाही.

पायरी ७: पट्टी लावताना

गणपतीची आरास असो की टीव्हीमागची पट्टी, हिशोब एकच. पट्टीवर ‘२८३५’ किंवा ‘५०५०’ असे आकडे असतात. ती चिपची मापं आहेत, २.८ बाय ३.५ मिलिमीटर आणि ५ बाय ५. त्याच्यापुढे मीटरमागे किती चिप: ६०, १२०, २४०. जितक्या दाट, तितके ठिपके कमी दिसतात. सीओबी प्रकारात चिप इतक्या लगटून असतात की अखंड रेघ दिसते.

समजा पट्टी मीटरला १४.४ वॉटची, १२ व्होल्टची आणि ५ मीटरची. झाले ७२ वॉट, आणि १२ ने भागलं की ६ अँपिअर. यासाठी ७२ चाच एसएमपीएस, म्हणजे पट्टीचा ड्रायव्हर, घेतला तर तो सतत धापा टाकत चालेल. पाव हिस्सा जादा धरून ९०, म्हणजे बाजारात मिळणारा १०० वॉटचा घ्या.

पाच मीटरच्या पट्टीचं शेवटचं टोक मंद दिसतं, कारण पट्टीतल्या तांब्याच्या पातळ रेषेत व्होल्ट गळतात. दोन्ही टोकांकडून वीज द्या, नाहीतर २४ व्होल्टची पट्टी घ्या. तिच्यात प्रवाह निम्मा असतो म्हणून गळती कमी. आणि पट्टी लाकडाला नुसती चिकटवू नका, ॲल्युमिनियमच्या प्रोफाइलमध्ये बसवा. ती शोभेपेक्षा उष्णता वाहून नेण्यासाठी जास्त असते.

पायरी ८: बाहेरचे दिवे आणि आयपी

दिवा धूळ आणि पाणी किती अडवतो, ते आयपी सांगतो. त्यानंतरचे दोन आकडे सुटे वाचायचे. पहिला धुळीचा, ० ते ६. दुसरा पाण्याचा. आयपी २० घरात, ४४ शिंतोडे उडतात तिथे, ६५ पावसात, ६७ अर्धा तास मीटरभर पाण्यात बुडाला तरी. अंगणात, गच्चीवर ६५ च्या खाली जाऊ नका. कोकणातल्या पावसात पाणी दिव्यातून शिरत नाही, वायरीच्या अंगाने ओघळत येऊन सांध्यातून शिरतं. म्हणून दिव्यात शिरण्याआधी वायरला खाली झोळ द्या, पाणी तिथेच टपकून जाईल. खाऱ्या वाऱ्याला आयपी काही करू शकत नाही; किनाऱ्याला स्टेनलेसचे स्क्रू वापरा.

पायरी ९: होल्डर आणि ट्यूब

बी २२ म्हणजे आपला नेहमीचा दोन पिनांचा होल्डर, ई २७ आट्यांचा, ई १४ बारीक आट्यांचा, झुंबरात असतो तो. आकडा व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. ट्यूबचा ‘टी’ मात्र इंचाच्या आठव्या भागात: टी ८ एक इंच जाडीची, टी ५ पाच-अष्टमांश.

जुन्या ट्यूबलाइटच्या पट्टीत एलईडी ट्यूब घालायची असेल तर ट्यूबला चिकटवलेला आराखडा आधी बघा. काहींना वीज एकाच टोकातून लागते, काहींना दोन्हीकडून. बऱ्याचशा ट्यूबना चोक आणि स्टार्टर काढावाच लागतो. हे काम वायरमनकडून करून घ्या.

बटण बंद केल्यावरही एलईडी मिणमिणत राहिला तर घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. बटणावर छोटा लाल दिवा असेल तर त्यातून झिरपणारा किंचित प्रवाह पुरतो. तसा नसेल, तर बटण फेजऐवजी (जिवंत तारेऐवजी) न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर) बसवलेलं असण्याची शक्यता आहे, आणि मग बटण बंद असतानाही होल्डरमध्ये फेज जिवंत असतो. बल्ब बदलताना झटका बसतो तो असा. टेस्टर लावून खात्री करून घ्या.

पायरी १०: ‘२५,००० तास’ आणि एल ७०

रोज सहा तासांनी २५,००० तास म्हणजे अकरा वर्षांच्या पुढे. इतका टिकलेला बल्ब तुम्ही बघितलाय का? मी अजून नाही. हा आकडा बहुतेक वेळा एल ७० चा असतो: इतक्या तासांनी उजेड मूळच्या ७० टक्क्यांवर येईल. एलईडी फटकन जात नाही, हळूहळू मंदावतो. पण हे चिपचं आयुष्य झालं. ड्रायव्हरमधला कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा भाग) त्याआधीच सुकतो, आणि त्याचा वैरी उष्णता. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं, असा ठोकताळा आहे.

म्हणून बंद काचेच्या हंडीत, वारा न लागणाऱ्या खोबणीत मोठ्या वॉटचा एलईडी कोंडू नका. हातात घेतल्यावर जड लागणारा बल्ब बहुधा बरा, कारण त्यात उष्णता फेकायला ॲल्युमिनियम जास्त असतं. फॉल्स सीलिंगमध्ये ड्रायव्हर दिव्याच्या पाठीवर ठेवू नका, हातभर बाजूला सरकवा.

खोकं आणि बिल जपून ठेवा. वॉरंटी दोन वर्षांची असते आणि बल्ब तेविसाव्या महिन्यात जातात. बिलाची शाई उडते, त्याचा फोटो काढून ठेवा. बसवण्याआधी बल्बच्या पांढऱ्या अंगावर मार्करने तारीख घाला. आमच्या जिन्यातल्या बल्बवर ‘१२ जून’ लिहिलेलं आहे आणि वर्ष घालायचं राहून गेलं, त्यामुळे तो नक्की किती चालला यावर घरात अजून वाद आहे.